बॅग जरा बाजूला घ्या

परळच्या माणसाची झडती घेण्यात पहारेकऱ्याला मजा येत नाही, कारण परळच्या माणसाला झडतीचं काही वाटतच नाही. दुसरीकडे कुठे कोणी अडवून पिशवी उघडायला सांगितली, तर माणसाचा अपमान होतो. आमच्याकडे पिशवी न बघता कोणी आत सोडलं, तर माणूस चार पावलं पुढे जातो, थांबतो आणि मागे वळून विचारतो, "बरं नाही का आज?"

याचं मूळ गिरण्यांत आहे. पाळी सुटली की फाटकावर रांग लागायची आणि दरवान एकेकाला चाचपून बाहेर सोडायचा. कामगार धोतराच्या आत पोटाला कापड गुंडाळून नेतो, हा मालकांचा पिढीजात संशय. आमच्या इमारतीतले तळमजल्यावरचे नाना गिरणीच्या साचे खात्यात, म्हणजे मागांवर होते. कोणी समोर येऊन हात पसरले, की त्यांचे दोन्ही हात आजही आपोआप वर जातात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांचा जावई मिठी मारायला पुढे झाला, तर नाना हात वर करून आधी समोरून आणि मग सवयीने पाठ फिरवून उभे राहिले. जावई बँकेत आहे. त्याने याचा काय अर्थ घेतला, ते अजून कोणी विचारलेलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं घरी बसली, पुढे गिरण्या गेल्या. झडती तेवढी राहिली, फक्त तिचं तोंड फिरलं. फिनिक्स मिलमध्ये बाप बाहेर पडताना तपासला जायचा. तिथे आता मॉल आहे आणि मुलगा आत शिरताना तपासला जातो. तेव्हा मालकाला धास्ती होती की आपलं काहीतरी बाहेर जाईल. आताच्या मालकाला धास्ती आहे की याचं काहीतरी आत येईल. आणि हे 'काहीतरी' म्हणजे, सिनेमागृहाच्या दारात तरी, बहुतेक वेळा चकली असते. बाहेरचं खाणं आत येऊ द्यायचं की नाही हे थिएटरवाल्याने ठरवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. मात्र पिण्याचं पाणी फुकट द्या आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवू नका, हेही म्हटलं. तेव्हापासून आमच्या इमारतीत नववीतल्या मुलालाही तीन तासांपुरतं तान्हं समजतात.

बाकी केईएम हॉस्पिटलच्या दारात डबा उघडून दाखवायचा, टाटा हॉस्पिटलच्या दारात पास दाखवायचा, गणपतीत लालबागला पर्स उघडायची. स्टेशनांवर २६/११ नंतर यंत्राच्या चौकटी आल्या. त्यातून गेलं की पी पी वाजतं. मुंबईत यंत्राने वाजणं आणि माणसाने थांबणं यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे त्या यंत्रालाही आता समजलेलं असावं, कारण अलीकडे ते बरंच मनाविरुद्ध वाजल्यासारखं वाजतं.

सांगायचा मुद्दा असा, की एवढ्या तयारीची माणसं क्रूझला निघाली होती. मुंबई-गोवा-मुंबई. इमारतीतली पाच-सहा कुटुंबं, दोन आज्या, एक नुकतंच लग्न झालेलं जोडपं (त्यांना एकांत हवा होता, आमच्याबरोबर का आली, देव जाणे) आणि नाना. तपासणीला कोणी घाबरत नव्हतं. घाबरायला हवं होतं ते तपासणीवाल्यांनी.

आमच्यातल्या जुन्यांना समुद्राचा अनुभव होता, पण तो कोकणबोटीचा. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीपर्यंत जायची. ट्रंका, वळकट्या, परतीला आंब्याच्या पेट्या, फणस, एखादी पाय बांधलेली कोंबडी. बंदर उथळ असेल तिथे बोट बाहेरच उभी राहायची आणि पडावातून माणसं वर चढवायची. माणूस वर आणि ट्रंक खाली, किंवा ट्रंक वर आणि माणूस खाली, एवढीच काय ती काळजी. ट्रंकेत काय आहे हे कोणी विचारत नसे. वाद व्हायचा तो हमालाशी, आणि तोही ट्रंकेत काय आहे यावरून नाही, ती किती जड आहे यावरून.

मोठ्या जहाजांवरही तेव्हा असाच मोकळा कारभार. बॅलार्ड पियरवरून विलायतेला बोट सुटायची तेव्हा पोचवायला आलेली मंडळी हारतुरे घेऊन थेट बोटीवर चढायची, केबिनमध्ये बसून गप्पा मारायची आणि घंटा झाली की खाली उतरायची. हा सगळा भरवसा पुढे संपला. ऑक्टोबर १९८५ मध्ये भूमध्य समुद्रात आकिले लाउरो नावाचं इटालियन प्रवासी जहाज चार बंदूकधाऱ्यांनी पळवलं. ते कुठून दोर टाकून चढले नव्हते. तिकीट काढून, बॅगा घेऊन, प्रवासी म्हणून आले होते. तिथून जहाजांच्या जगाला प्रवाशाच्या बॅगेत रस वाटू लागला. पुढे अमेरिकेवरच्या २००१ च्या हल्ल्यानंतर जहाजं आणि बंदरं यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय नियमावली झाली, ती १ जुलै २००४ पासून लागू आहे. कुंपण, ओळखपत्र, क्ष-किरण, सगळं त्यातलं. म्हणजे चार बंदूकधारी तिकडे चढले आणि त्याची किंमत इकडे आमच्या इमारतीतल्या काकींच्या डब्याने मोजली.

क्रूझ कंपनीची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली ती गच्चीवर मोठ्याने वाचली गेली. इस्त्री आणू नये. विजेची किटली आणू नये. एक्स्टेन्शन बोर्ड, मेणबत्ती, अगरबत्ती, कापूर, सुरी, कात्री, दारू, घरी केलेले खाद्यपदार्थ आणू नयेत.

"मग आणायचं काय?" काकींनी विचारलं.

"कपडे," कोणीतरी म्हणालं.

"इस्त्रीशिवाय?"

ही बंदी अडाणीपणाची नव्हे, हे मला मान्य करायला हवं. जहाजाला बुडण्याइतकीच, किंवा त्याहून जास्त, धास्ती आगीची. आपल्याकडे आग लागली की भायखळ्याहून बंब येतो; भर समुद्रात येत नाही. तिथे खलाशीच बंबवाले आणि पळून जायला गल्ली नाही. तेव्हा हजारभर केबिनांत हजारभर माणसं तापलेली इस्त्री गादीवर ठेवून फोन घ्यायला धावू लागली, तर कप्तानाने झोपायचं कधी? विमानात अडवतात त्या खोबऱ्याच्या वाटीचंही तसंच. जागतिक मालवाहतुकीत प्रत्येक धोकादायक वस्तूला एक नंबर असतो. सुक्या खोबऱ्याला आहे १३६३, आणि त्याचा वर्ग 'आपोआप पेट घेणारे पदार्थ'. खोबऱ्यात तेल भरपूर, ओलसर ढीग बंद जागेत पडला की आतून तापत जातो. विमानतळावर खोबऱ्याची वाटी काढून घेतात ती यामुळे. आयुष्यभर तांदळाच्या डब्याशेजारी आपण आपोआप पेट घेणारा पदार्थ ठेवत होतो, हे ऐकून काकी थोड्या सुखावल्याच.

दारूचं मात्र मला कोणी सुरक्षेचं कारण सांगू नये. विमानात शंभर मिलिलिटरवरून भांडतात, जहाजात पाण्याचं, शांपूचं एवढं कोणी बघत नाही. पण बाटलीत दारू असली की लगेच सुरक्षा धोक्यात येते. धोक्यात असतो तो बारचा गल्ला. जगभरचे प्रवासी यावर डोकं चालवत आले आहेत. गुळण्या करायच्या औषधाच्या बाटलीत खायचा हिरवा रंग घालून व्होडका भरणं हा त्यातला नामांकित प्रकार. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मामांनी साधा मार्ग घेतला. पाण्याच्या बाटलीत भरली आणि झाकणाचं सील गोंदाने पुन्हा चिकटवलं. दोन रात्री बसून केलेलं काम होतं. तपासणीवरच्या मुलीने बाटली उलटी केली, बुडबुडे बघितले, सुलटी केली आणि मामांकडे बघितलं. एक शब्द बोलली नाही. मामाच म्हणाले, "पाणी जरा जुनं आहे."

पण मी पुढे गेलो. आधी फुटपाथवरची पंगत सांगायला हवी.

यादीत 'घरी केलेले खाद्यपदार्थ' असं स्पष्ट लिहिलं होतं. ते आमच्यापैकी प्रत्येकाने वाचलं होतं आणि ते दुसऱ्याच्या घरच्या पदार्थांविषयी आहे अशी प्रत्येकाची समजूत होती. मराठी माणूस प्रवासाला निघताना जे बांधून घेतो ते भुकेसाठी नसतं. पुढे जिथे जातोय तिथल्या स्वयंपाकघरावर त्याचा विश्वास नसतो. काशीला जाताना नसतो, लंडनला जाताना नसतो, आणि पाच वेळा खायला घालणाऱ्या जहाजावर तर मुळीच नसतो. एवढं घालतायत म्हणजे काहीतरी खोट असणार. तपासणी म्हणजे जगाचा आपल्यावरचा संशय आणि बांधलेला डबा म्हणजे आपला जगावरचा संशय. दोन्ही सरकत्या पट्ट्यावर समोरासमोर येतात, आणि डबा हरतो.

या बाबतीत मराठी माणसापेक्षा गांधीजी व्यवहारी. २९ ऑगस्ट १९३१ ला ते गोलमेज परिषदेसाठी याच बॅलार्ड पियरवरून 'राजपुताना' बोटीने निघाले. बरोबरच्या मंडळींनी ट्रंकाच ट्रंका भरलेल्या बघून ते संतापले आणि बरंच सामान एडनहून परत मुंबईला धाडायला लावलं. मार्सेयला कस्टमवाल्याने विचारलं तेव्हा यादी सांगून मोकळे: चरखे, तुरुंगातली भांडी, शेळीच्या दुधाचा डबा, खादीचे पंचे. दूध घरचं होतं का, हे त्या कस्टमवाल्याने विचारलं नाही. आमच्या वेळचा विचारता.

तर बंदराच्या ग्रीन गेटपाशी आमची बस थांबली आणि रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाने अत्यंत नम्रपणे सांगितलं, की घरचं खाणं आत जाणार नाही. इथेच संपवा नाहीतर इथेच ठेवा. 'ठेवा' हा शब्द कोणी ऐकलाच नाही. बॅलार्ड इस्टेटच्या त्या दगडी, गोऱ्या साहेबाने बांधलेल्या इमारतींच्या सावलीत, फुटपाथवर वर्तमानपत्रं पसरली गेली. थालीपीठं, लसणाची चटणी, बेसनाचे लाडू, तिखटामिठाच्या पुऱ्या, चिवडा, आणि 'जहाज लागलं तर असावं' म्हणून आणलेला आवळा. पुढच्या पाऊण तासात आम्ही तीन दिवसांचं खाणं खाल्लं. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं, असावा काही विधी. रांगेतल्या एका गुजराती कुटुंबाने आधी लांबून बघितलं, मग त्यांच्या बॅगेतूनही थेपले निघाले, मग लोणचं इकडे आलं आणि लाडू तिकडे गेले. पहारेकऱ्यालाही पुरी दिली. त्याने आधी ड्युटीवर आहे म्हणून नाही म्हटलं, मग चिवडा घेतला. चिवडा लालबागच्या गल्लीतला होता, त्याला नाही म्हणता येत नाही.

या पंगतीचा खरा परिणाम रात्री दिसला. जहाजावर ज्या बुफेसाठी पैसे मोजले होते, त्याच्यासमोर आमची अख्खी इमारत हातात रिकाम्या बशा घेऊन, नुसती पदार्थांची नावं वाचत फिरली. नानांनी कलिंगडाची एक फोड घेतली आणि अर्धी ठेवली.

क्रूझचं नवं टर्मिनल भव्य आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं; चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर आहेत. ७२ काउंटर असले तरी आपण ज्या रांगेत उभे असतो ती हलत नाही, हा नियम मात्र जहाजांच्या नियमावलीहून जुना आहे. मोठ्या बॅगा दारातच घेतात, त्यांना केबिनचा नंबर लावतात, त्या वेगळ्या यंत्रातून जातात आणि थेट केबिनच्या दारात येतात. निदान यायला हव्यात. ज्या बॅगेत काही सापडतं ती येत नाही, आपल्याला बोलावणं येतं.

त्या यंत्राचं शास्त्र मी थोडं समजून घेतलं आहे. क्ष-किरणांत धातू निळा दिसतो आणि जे जे मूळचं झाडापासून, प्राण्यापासून किंवा तेलातुपापासून झालं ते नारिंगी. कागद नारिंगी, चामडं नारिंगी, साबण नारिंगी, पुरणपोळी नारिंगी. आणि स्फोटकंही नारिंगीच. म्हणजे यंत्राच्या लेखी साजूक तुपातला लाडू आणि बॉम्ब हे एकाच गोत्रातले. त्यात लाडू घट्ट, गोल आणि डब्यात ओळीने रचलेले. पडद्यासमोर बसलेल्या त्या बिचाऱ्या माणसाची दिवाळीच्या सुट्टीत काय अवस्था होत असेल!

आमच्या लाडवांचा प्रश्न फुटपाथवर मिटला होता. सायंकाळी जहाज सुटण्याआधी खालच्या मजल्यावरच्या सुरक्षा खोलीत बोलावणं आलं ते वेगळ्या गोष्टींसाठी. मी गेलो तर तिथे आमच्या इमारतीची सर्वसाधारण सभाच भरली होती. गणसंख्या गच्चीवरच्या सभेला कधी होत नाही, ती इथे झाली. मामा होतेच. नवं जोडपं होतं, त्यांच्याकडे सुगंधी मेणबत्त्या सापडल्या होत्या आणि ती दोघं दोन्ही आज्यांसमोर खाली बघून उभी होती. एका आजींच्या पिशवीत प्रवासातला छोटा गणपती, निरांजन, वाती आणि कापराची डबी. सुरक्षावाल्याने आधी बूट काढून गणपतीला हात जोडले, मग कापूर आणि वाती उचलल्या. "देव ठेवा, आजी. ज्योत नको." आजींनी यावर हरकत घेतली नाही. बूट काढणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही.

इस्त्र्या किती होत्या हे सांगत नाही. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसरा आणणार नाही.

आणि टेबलाच्या मधोमध होती ती काकींची विळी.

घडीची विळी, प्रवासासाठी खास घेतलेली. पाट मिटतो, पातं आत जातं, पुढची खवणी तेवढी बाहेर राहते. ती पडद्यावर कशी दिसली असेल, याची कल्पना करा: वाकडं निळं पातं आणि त्याच्या टोकाला दातेरी चक्र. ज्याने आयुष्यात विळी पाहिलेली नाही, त्याने ते बघून बंदरच बंद केलं असतं.

"ये क्या है?" तिथल्या उत्तरेकडच्या साहेबाने विचारलं.

"विळी."

"इसका क्या करते हैं?"

"इसपे बैठते हैं," काकी म्हणाल्या.

साहेबाने एकदा पात्याकडे आणि एकदा काकींकडे बघितलं.

"पाटावर बैठने का," काकींनी समजावलं, "और ये ऐसे खडा रहता है, और इसपे मच्छी काटने का."

"कौन सी मच्छी?"

"गोव्यात मिलेगी ना!"

साहेबाने शेजारच्या पोराला हाक मारली. गणपतीसमोर बूट काढणारा तोच. काकींनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि यंत्राला जमली नव्हती ती तपासणी सुरू केली.

"गाव खंयचा रे तुझा?"

"कणकवली, काकी."

"कणकवलीत खंय?"

"फोंडाघाट."

"माझ्या वैनीचा म्हायार थंयच!"

पुढच्या दहा मिनिटांत वहिनीचं घर, घराशेजारचा ओहोळ, त्या पोराची आत्या आणि वहिनीची चुलतबहीण एकाच शाळेत होत्या इथपर्यंत मजल गेली. साहेब घड्याळ बघत उभा. आम्हाला वाटलं, सुटली विळी. परळमध्ये एवढ्या ओळखीवर केईएमचा वॉर्ड उघडतो. पण पोरगा हात चोळत म्हणाला, "काकी, दुसरा कायव सांगा. ह्या सोडूक जमाचा नाय."

मला त्या पोराचं कौतुक वाटतं. काकींना त्या क्षणी वाटलं नाही.

जप्त वस्तू परत मिळतात, शेवटच्या दिवशी. त्यासाठी पावती करावी लागते, आणि त्या पावतीत वस्तूचं वर्णन असा एक रकाना असतो. 'इस्त्री' लिहून भराभर पावत्या झाल्या. विळीपाशी पेन थांबलं. साहेबाला काय लिहायचं कळेना आणि पोराने सांगितलेलं पटेना. शेवटी पोराने त्या रकान्यात चित्रच काढलं. काकींनी चष्मा लावून पावती बघितली आणि परत केली.

"खवणीचे दाते खंय हत?"

"काकी, लहान आसा चित्र."

"उद्या दाते मोडले तर कोण जबाबदार? काढ."

त्याने दाते काढले. काकींनी मोजले. कमी पडत होते ते पुन्हा काढून घेतले. मग सही केली.

गोव्याचं फार सांगण्यासारखं नाही. दिवसभर उतरलो, फिरलो, परत चढताना पुन्हा तोच पट्टा, तेच यंत्र. मामांनी काजूची फेणी घेतली, ती पावती करून जहाजाने ठेवून घेतली. जहाजांची तशी रीत असते, उतरताना देतात. काकींना मासे घेऊ दिले नाहीत आम्ही. त्यांनी बाजारातून एक नारळ घेतला, सोललेला, शेंडीचा. तोही पट्ट्यावर थांबला. फळफळावळ, कच्चा माल, आत नेता येणार नाही. पुन्हा पावती. या वेळी चित्र काढावं लागलं नाही.

शेवटच्या दिवशी मुंबईला उतरायच्या आधी परतीच्या वस्तूंची रांग लागली. बऱ्याच इस्त्र्या एकाच कंपनीच्या निघाल्यामुळे आमची-तुमची करता करता तासभर गेला. कोणाच्या घरी कोणाची आहे, याचा उलगडा परळला पोचूनही झालेला नाही. मेणबत्त्या न्यायला नवं जोडपं आलंच नाही. काकींचा नंबर आला तेव्हा कणकवलीच्या पोराने कपाटातून विळी काढली, पावती समोर ठेवली आणि त्यांनी मागायच्या आत दाते मोजून दाखवले. मग त्याच फळीवरून, विळीच्या अगदी शेजारून, नारळ काढून टेबलावर ठेवला.

काकींनी नारळाकडे बघितलं, विळीकडे बघितलं.

"रात्रभर दोघांका शेजारी ठेवलंस," त्या म्हणाल्या, "मग खवून ठेवूक काय झाला होता तुका?"